चामडं कुठलं, ते लिहून द्या

दुबईच्या बंदरात माल उतरला की तिथलं कस्टम मालाची किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर पाच टक्के घेतं. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातल्या करारावर १८ फेब्रुवारी २०२२ला सह्या झाल्या, १ मे २०२२पासून तो लागू झाला आणि आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक मालावरचे हे पाच टक्के गेले. ते आपोआप जात नाहीत. माल भारतातच तयार झाला, असा दाखला सोबत जावा लागतो. त्याला सगळे सीओओ म्हणतात, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. निपाणीत बसून हा दाखला कसा काढला ते लिहायचं मनात होतं, कारण धंद्यातली मंडळी फोन करून विचारतात आणि फोनवर हे सांगून होत नाही.

आमचं घर कोल्हापुरी चपलांचं. सासरे, म्हणजे मामा, तळ कापतात आणि वादी ओढतात. सासूबाई, म्हणजे आत्या, चपलेवरची चामड्याची वेणी विणतात. गल्लीतली आणखी काही घरं आमच्याबरोबर काम करतात. मी लग्नाआधी तंबाखूच्या एका वखारीत हिशेब लिहायचे, त्यामुळे लग्नानंतर घरातले सगळे कागद माझ्याकडे आले. आम्ही माल कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याला द्यायचो आणि तो अमेरिकेला पाठवायचा. २७ ऑगस्ट २०२५पासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के जकात लावली आणि त्या व्यापाऱ्याचा फोन आला, "वहिनी, थांबा जरा." ते थांबणं काही संपेना. तयार जोड्या माळ्यावर जाऊन बसल्या. नवऱ्याच्या ओळखीतून दुबईतल्या देरा भागातला एक घाऊक व्यापारी मिळाला. सहाशे जोड्या हव्यात म्हणाला, दर ठरला, आणि शेवटी एकच वाक्य टाकलं: सीओओ पाहिजे, नाहीतर दरातून पाच टक्के कमी करा.

सहाशे जोड्या, जोडीला ७२० रुपये. विमा-भाडं धरून साडेचार लाखांच्या घरात जातात आणि त्यावर पाच टक्के म्हणजे बावीस-साडेबावीस हजार. आमच्यासारख्यांच्या ऑर्डरीत एवढं सुटलं की नफा जवळजवळ निम्मा होतो.

सुरुवातीचे कागद सोपे निघाले, ते भराभर सांगते. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, वेबसाइटवर पाचशे रुपयांत मिळतो आणि आता पॅनचा नंबर हाच तो नंबर असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो अपडेट करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. बँकेकडून एडी कोडचं, म्हणजे परदेशातले पैसे ज्या बँकेत येणार तिच्या क्रमांकाचं, पत्र घ्यायचं आणि ते ज्या बंदरातून माल जाणार तिथे नोंदवायचं. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरलं की कर न भरता माल बाहेर पाठवता येतो. हे सगळं आमच्या सीएंनी करून दिलं. धंदा नवऱ्याच्या नावावर आहे, त्यामुळे प्रत्येक ओटीपी त्यांच्या मोबाइलवर यायचा आणि ते नेमके त्या वेळी संकेश्वरच्या वाटेवर मोटरसायकलवर असायचे. सरकारने पुढे काय सुधारणा करायच्या त्या कराव्यात, घरात पहिली सुधारणा मी केली: त्यांचा मोबाइल दुपारी दोन तास माझ्याकडे.

मग आला कोड. जगातल्या प्रत्येक वस्तूला एचएस कोड असतो आणि त्याचे पहिले सहा आकडे बहुतेक सगळ्या देशांत सारखेच असतात. पादत्राणांचं प्रकरण ६४. मी खाली खाली वाचत गेले आणि ६४०३ २० पाशी थांबले. तिथे लिहिलेलं होतं: ज्याचा तळ चामड्याचा आहे आणि वरचा भाग चामड्याच्या पट्ट्यांचा आहे, पट्टे पायाच्या वरून आणि अंगठ्याभोवती गेलेले आहेत, असं पादत्राण. मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी हातातली जोडी उलटी-सुलटी केली आणि म्हणाले, "ही कुणी लिवलंय? त्याला चप्पल ठावं हाय." खरंच, कुठल्या तरी परदेशी टेबलावर बसून कुणीतरी आमचा अंगठा आणि पट्टा शब्दात बसवला आहे.

कोड मिळाला की करारातला त्या कोडासमोरचा नियम वाचायचा. इथे पुष्कळ लोक घाबरून एजंटाकडे जातात. नियमामागचा विचार मात्र सरळ आहे. जकात माफ केली ती भारताच्या मालाला. उद्या कुणी तिसऱ्याच देशातून तयार चप्पल आणली, इथे नुसता शिक्का मारला आणि दुबईला पाठवली तर माफी भलत्याच्याच पदरात पडेल. म्हणून विचारतात: या वस्तूत तुमचं किती आणि बाहेरचं किती? आपलं सरकारही बाहेरून येणाऱ्या मालाला हेच विचारतं. सप्टेंबर २०२०पासून त्याचे वेगळे नियम आहेत, कॅरोटार म्हणतात त्यांना, आणि त्यात आयातदारालाच उत्तरं द्यावी लागतात.

उत्तराचे ढोबळ दोन प्रकार. एक, वस्तू पूर्णपणे इथलीच. तिच्यातला कण न् कण इथला. दुसरा, बाहेरचं काही आहे, पण त्यावर इथे पुरेसं काम झालंय. पुरेसं म्हणजे किती, तर कधी कच्च्या मालाचा कोड आणि तयार मालाचा कोड बदललेला असावा लागतो, कधी किमतीतला ठरावीक टक्का इथला असावा लागतो, कधी दोन्ही. अमिरातीच्या करारात पुष्कळ वस्तूंना ४० टक्के मूल्यवर्धनाची अट आहे, पण वस्तूगणिक नियम बदलतो. शेजाऱ्याचा नियम बघून आपला अर्ज भरायचा नाही.

मला वाटलं आपल्याला पहिलाच प्रकार लागू होणार. म्हैस इथली, बकरी इथली, बाभळीची साल आणि हिरडा इथला, हात इथले. कोल्हापुरीत लोखंडाचा खिळासुद्धा नसतो, चामड्याच्या वादीनेच सगळं शिवतात. याहून भारतीय वस्तू कुठली शोधणार? म्हणून एके दिवशी दुपारी आत्यांच्या समोर जमिनीवर एक जोडी ठेवली आणि तिच्यात काय काय आहे ते एकेक करून विचारत गेले.

तळ: कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडचं म्हशीचं चामडं, तो मद्रासहून आणतो. त्याचं जीएसटी बिल आहे, पण बिलावर फक्त "चामडं" आणि किलो. वरचे पट्टे, वेणी, वादी: इथल्याच एका अण्णांनी कमावलेलं बकरीचं आणि म्हशीचं. अण्णा अजून जुन्या पद्धतीने काम करतात. कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि पखालीसारखी टांगून ठेवायची. त्यांच्याकडे बिल नाही, पावती नाही, आजवर कुणी मागितलेली नाही. व्यवहार रोख. सोल्युशन: डबा हुबळीच्या दुकानातला. रंग: सुटा. तेल: घाण्याचं. आणि गोंडा. गोंड्यातली जरीची तार चकाकत होती. आत्या म्हणाल्या, "ती व्हय? ती चायनाची. आपली जर काळी पडतीया गं, गिऱ्हाईक परत आणतंय." झालं. पहिला प्रकार गेला. नऊ रुपयांच्या गोंड्याने.

एजंटाला फोन केला. माल पाठवण्याचं काम ज्याच्याकडे दिलं होतं तो हा माणूस, बोलायला गोड. म्हणाला, "मॅडम, गोंड्याचं कोण बघतंय? पूर्ण भारतीय टाका. आणि चामड्याला बिल नाही ना, मग एक बनवून घ्या." वखारीत हिशेब लिहिताना एक शिकले होते: जो माणूस बिल बनवून घ्या म्हणतो, तो तपासणीच्या दिवशी फोन उचलत नाही. तेव्हा नाही म्हटलं. पण दुसरा रस्ता मला माहीत नव्हता.

तो बेळगावात सापडला, तोही आडवळणाने. एका हॉटेलात लहान निर्यातदारांसाठी कार्यशाळा होती. उद्यमबागचे फाउंड्रीवाले, हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारे, खानापूरकडचा एक काजूवाला, आणि पाठीमागे मी आणि अथणीची दोन चपलावाली पोरं. बोलणं इंग्रजी आणि कन्नडमध्ये. मला कन्नड कळतं, लिहिता येत नाही. मुख्य वक्त्यांनी सगळा वेळ मोठ्या गोष्टींना दिला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चार देशांशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५पासून सुरू झाला. त्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि १० लाख रोजगार असं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. अमिरातीशी गुंतवणुकीचा वेगळाच करार आहे, तो ३१ ऑगस्ट २०२४पासून लागू. तिथल्या गुंतवणूकदाराची आपल्याकडे तक्रार असली तर त्याने आधी तीन वर्षं आपल्या कोर्टात दाद मागायची, मगच लवादाकडे जायचं. भारताच्या २०१५च्या नमुना करारात ही मुदत पाच वर्षं होती, अमिरातीसाठी कमी केली. ऐकायला चांगलं होतं. १०० अब्ज डॉलरच्या पानावर फाउंड्रीवाल्यांनीही फोटो काढले. पण गुंतवणूकदाराला लवाद आहे आणि अण्णांच्या चामड्याला पावती नाही, त्यावर त्या पडद्यावर एकही ओळ नव्हती.

प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मी उठले आणि विचारलं, कच्चा माल रोखीने, बिलाशिवाय घेतला असेल तर उगम दाखवायचा कसा? वक्ते म्हणाले, बिल घ्यायची सवय लावा. सभागृहात थोडं हसू झालं. चहाच्या वेळी आयोजकांतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिने जे सांगितलं ते या सगळ्या लेखाचं सार आहे म्हणा. ज्या मालाचा उगम सिद्ध करता येत नाही, तो नियमात परदेशी धरला जातो. अण्णांची म्हैस चिकोडीची असली तरी, कागद नसेल तर हिशेबात ती परदेशी. मी म्हटलं, मग संपलंच. ती म्हणाली, "संपत नाही. परदेशी धरा आणि टक्के काढा. तुमचं काम हाताचं आहे ना? मजुरी किती आहे बघा."

एवढं साधं होतं ते. एजंट खोटं बिल करायला सांगत होता ते चामडं भारतीय दाखवायला. ते दाखवायची गरज होती का, हे त्यानेही पाहिलं नव्हतं आणि मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन एका जोडीची कॉस्ट शीट मांडली. तळाचं चामडं १५०. वरचं चामडं, वेणी आणि वादी मिळून ११०. सोल्युशन, रंग, तेल १४. गोंडा ९. डबा, गाडीभाडं, बंदरापर्यंतचा बाकी खर्च ६२. नफा ८५. मजुरीच्या रकान्यात मामांनी कापणीचे आणि शिवणाचे पैसे सांगितले आणि थांबले. मी म्हटलं, वेणीचे? मामा म्हणाले, "ती घरचीच की." आमच्याकडे वेणी बायकाच विणतात, टीव्ही बघत, भांडणं करत, नातवंडं मांडीवर घेऊन, आणि घरच्या बाईच्या वेणीचा हिशेब कुणी धरत नाही. गल्लीतल्या दुसऱ्या घरातून वेणी आणली की मात्र नगावर पैसे मोजतात. मी तोच दर आत्यांना लावला. मजुरी २९० झाली. एकूण ७२०. आत्यांनी विचारलं, "माजं बी लिवलंस?" होय म्हटलं. "मग दे की आता," म्हणाल्या, आणि तो विषय त्यांनी सोडला नाही, ते पुढे येईलच.

आता वजाबाकी. सगळं चामडं परदेशी धरलं, बिलवालंसुद्धा, कारण बिलावर देश नव्हता: २६०. सोल्युशन-रंग-तेलही परदेशी धरलं, गोंडा तर होताच: २३. एकूण २८३. ७२०तून २८३ गेले, ४३७ उरले. म्हणजे साठ टक्क्यांच्या वर. जीव भांड्यात पडला. शिवाय चामडं ४१व्या प्रकरणात येतं आणि चप्पल ६४व्या, म्हणजे कोडही प्रकरणासकट बदलतो. खोटं एक अक्षर न लिहिता आम्ही पार पडत होतो. हाताच्या कामाचा हा एक फायदा मला तोवर सुचलाच नव्हता: जिथे मशीन थोडं आणि मजुरी जास्त, तिथे हा टक्का आपोआप वर जातो. गुळाचे, चपलांचे, भरतकामाचे धंदे करणाऱ्यांनी आधी ही वजाबाकी करावी आणि मग एजंटाला फोन करावा.

तरीही मी कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला विचारून पाहिलं: चामडं भारतातलंच आहे, एवढं लेटरहेडवर लिहून द्याल का? ते म्हणाले, "उद्या माझ्यावर आलं तर? मी काय म्हशीच्या जन्माला हजर होतो?" बरोबर होतं त्यांचं. अण्णांना मात्र विचारल्यावर त्यांनी लगेच सही करून दिली, वर कातडं कुठल्या बाजारातून घेतलं तेही लिहायला सांगितलं. तो कागद मी अर्जाला लावला नाही, लागतच नव्हता, पण फाइलमध्ये ठेवला आहे. पुढे कधी पडताळणी आली तर उपयोगाला येईल. दाखला दिल्यावरही परदेशी कस्टम मागाहून चौकशी करू शकतं आणि त्यासाठी कागद काही वर्षं जपून ठेवायचे असतात.

अर्ज ऑनलाइन आहे, कुठल्या ऑफिसात जावं लागत नाही. डीजीएफटीच्या ई-सीओओ पोर्टलवर आयईसीने आत जायचं, करार निवडायचा, दाखला देणारी संस्था निवडायची, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (निर्यातीसाठी एजंट आपल्या कस्टमकडे दाखल करतो तो कागद) आणि कॉस्ट शीट चढवायची आणि डिजिटल सही करायची. सगळं इंग्रजीत. एक रकाना मला आवडला. माल कुठला, याला तिथे एकच उत्तर चालतं: भारत. राज्य विचारत नाहीत. निपाणीत राहून असा फॉर्म हातात पडणं म्हणजे काय ते इकडच्यांना वेगळं सांगायला नको. आमचं रेशनकार्ड कन्नडमध्ये, कारागीर म्हणून मिळालेलं ओळखपत्र कन्नडमध्ये, बोलणं मराठीत, मालाचं नाव कोल्हापुरी, आणि कोगनोळीचा नाका ओलांडला की वीस-पंचवीस किलोमीटरवर ते कोल्हापूर.

त्या नावावरून एक अडचण आलीच. दुबईवाल्याने इन्व्हॉइसवरचा पत्ता वाचला आणि विचारलं, तुम्ही कर्नाटकात आहात, मग ही कोल्हापुरी खरी कशावरून? त्याला जीआयचा कागद पाठवला. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून: महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अर्ज दोन्हीकडच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून केला होता. सीमाप्रश्न असताना दोन्ही सरकारांनी इतक्या शांतपणे एका कागदावर सही केल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. दुबईवाल्याने विचारलं, मग डब्यावर जीआयचा शिक्का लावता का? तो लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते, ती आमची अजून झालेली नाही, त्यामुळे शिक्का लावला नाही. जीआय आणि सीओओ यांचा एकमेकांशी संबंध नाही हे इथे सांगून ठेवते. बरेच जण एक असला की दुसरा लागत नाही असं समजतात.

अर्ज गेला आणि परत आला. शेरा: शिपिंग बिलावरचा कोड आणि अर्जावरचा कोड जुळत नाही. बघितलं तर एजंटाने शिपिंग बिलात रबर-प्लास्टिकच्या चपलांचा कोड टाकलेला. त्याच्या दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाचा असणार, संगणकात आयता होता. माल तोवर न्हावा-शेव्याहून निघालेला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, चप्पल ती चप्पल." त्या माणसाशी मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. कस्टम कायद्याच्या कलम १४९ खाली शिपिंग बिलात दुरुस्ती करता येते. त्यासाठी माल खरोखर तसाच होता हे त्या वेळच्या कागदांवरून दाखवावं लागतं. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मी स्वतः केली होती आणि दोन्हीवर ६४०३ २० होतं, म्हणून वाचलो. एजंटाला हे सगळं करायलाच काय ते वेळ लागला, कस्टमला लागला नाही. तुम्हाला एकच सांगते: शिपिंग बिल दाखल व्हायच्या आधी त्याची चेकलिस्ट मागून घ्या आणि कोड, नग, वजन, किंमत एकेक बोट ठेवून वाचा. एजंट कुरकुर करतो. करू दे.

दुबईच्या जबेल अली बंदरात माल पोहोचला आणि दाखला अजून नाही. दुबईवाला सकाळ-संध्याकाळ मेसेज टाकायचा, शेवटी शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह. दुरुस्ती झालेलं शिपिंग बिल जोडून अर्ज पुन्हा पाठवला आणि दाखला आला. माल निघून गेल्यावर दिलेला म्हणून त्यावर तसा शेरा होता. मागाहून दाखला देण्याची सोय नियमात आहे, पण तिच्यावर विसंबून माल सोडू नये असं माझं मत. कागद म्हणजे पीडीएफच, कोपऱ्यात क्यूआर कोड. आत्यांना मोबाइलवर दाखवला. "एवढाच?" म्हणाल्या.

जकात माफ झाली. कुणाची? इथे खरा घोळ आहे आणि हा कार्यशाळेत कुणी बोललं नाही. पाच टक्के दुबईच्या कस्टमला भरायचे होते ते दुबईवाल्याने. वाचले तेही त्याचेच. दाखला काढायची धावपळ, सही, दुरुस्ती, एजंटाची जादा फी, सगळं आमच्या अंगावर आणि बावीस हजार त्याच्या खिशात. करारात निर्यातदाराच्या हातावर कुणी पैसे ठेवत नाही. ते सौद्यात मागून घ्यावे लागतात. मी मागितले. इन्व्हॉइस होऊन गेलं होतं, म्हणून या खेपेला तो बधला नाही. पुढच्या ऑर्डरीला मात्र जोडीमागे बारा रुपये वाढवून दिले. मला वीस हवे होते. पहिल्याच बोलण्यात त्याने सीओओ मागितला तेव्हाच हे मिटवायला हवं असतं, असं आता प्रत्येक विचारणाऱ्याला सांगते: दर आणि दाखला एका वाक्यात बोला.

त्या बारा रुपयांतले पाच वेणीला गेले. आत्यांनी कॉस्ट शीट धरूनच ठेवली होती. गल्लीतल्या बायकांनाही त्यांनीच सांगितलं, त्यामुळे आता सगळ्यांनाच तो दर द्यावा लागतो आणि मामा अधूनमधून माझ्याकडे बघून मान हलवतात.

२०२५च्या डिसेंबरात इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार केल्याची बातमी आली. त्याच वर्षी जूनमध्ये मिलानला त्यांनी आमच्यासारख्याच चपला कुणाचं नाव न घेता दाखवल्या होत्या, त्यावरून गदारोळ झाला होता. आता दोन हजार जोड्या इथल्या कारागिरांकडून करून घेणार आणि जोडी सुमारे ८०० युरोंना विकणार, असं बातमीत होतं. गल्लीत दोन दिवस तेवढाच विषय होता. मामांनी ८०० युरोंचे रुपये किती ते विचारलं, मी सांगितलं, आणि ते पुन्हा रापीला धार लावायला लागले.

मी सध्या इंग्लंडचा करार वाचते आहे. त्यावर २४ जुलै २०२५ला सह्या झाल्या. तिथे पादत्राणांवर १६ टक्क्यांपर्यंत जकात होती, म्हणजे दुबईच्या तिपटीपर्यंत, आणि करारात ती शून्य ठरली आहे. त्या करारात निर्यातदाराने उगमाची घोषणा स्वतःच करायची सोय आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण मग पडताळणी आली तर उत्तरही आपणच द्यायचं. म्हणून घरात एक वही घातली आहे. चामडं आलं की तारीख, कुणाकडून, किती नग, कुठल्या बाजारातलं कातडं, आणि दर. अण्णाही आता सही करतात. मामा सगळं लिहितात, फक्त दराचा रकाना कोरा सोडतात. "दर कुणाला कशाला दावायचा?" म्हणतात. दर नसेल तर टक्का निघत नाही, हे मी त्यांना समजावते आहे. काल पुन्हा भांडण झालं, वही सध्या आत्यांकडे आहे.